बिल्ला दुकानाचा, हाडं कारखान्याची

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. जुनी म्हटलं की लोक लगेच 'खटारा' म्हणून मोकळे होतात, पण माझ्या फ्रेमला आजवर एकही टाका मारावा लागलेला नाही.

मी कारखान्यात जन्मले खरी, पण कारखान्याने मला नाव दिलं नाही. एका मोठ्या दुकानाने आम्हाला घाऊक विकत घेतलं आणि कपाळावर स्वतःच्या नावाचा पितळी बिल्ला ठोकला. पुढे मी एका शिंपीणबाईंकडे आले. शिवलेल्या कपड्यांची गाठोडी घेऊन आम्ही दोघी दारोदार फिरलो. "बाई, तुमची सायकल अगदी तुमच्यासारखी, थकणं माहीतच नाही," असं गिऱ्हाइकं म्हणायची आणि मी मनातल्या मनात मिरवून घ्यायची. मग बाईंचे गुडघे कुरकुरू लागले. मी जिन्याखाली गेले आणि माझ्यावर रद्दी, झाडू, फुटक्या बादल्या चढल्या. फार वाईट वाटायचं.

बाईंच्या लेकीला लांबच्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली. तिथे बस जात नव्हती. ती म्हणाली, "मी आईच्या सायकलने जाईन." पण पेडलांच्या मधल्या एक्सलला धरणाऱ्या वाट्या पार झिजल्या होत्या. दुरुस्तीवाल्या काकांनी माझ्याच बिल्ल्याच्या दुसऱ्या सायकलीच्या वाट्या आणून बसवून पाहिल्या. काही केल्या आटे जुळेनात.

"एकच कंपनी, तरी बसत नाही म्हणजे हिची फ्रेमच बिघडलीय. भंगारात द्या ताई, हिच्यात आता राम राहिला नाही."

मला धडकीच भरली. अहो, दुकान कधी या कारखान्याचा माल घ्यायचं, कधी त्या कारखान्याचा; बिल्ला तेवढा सगळ्यांना एकच! पण हे मी सांगणार कशी?

लेक आईसारखीच हट्टी. बिल्ल्यावरच्या नावाचा कारखाना तिने खूप शोधला. तसा कारखाना कधी नव्हताच. मग तिने मला उलटी केली, तळाचा रंग खरवडून क्रमांक वाचला. पुढच्या दातेरी चाकातली नक्षी आणि नळ्यांचे सांधे जुन्या सायकलींच्या फोटोंशी ताडून पाहिले. एका निराळ्याच नावाच्या सायकलीशी सगळं तंतोतंत जुळलं. ती माझ्याच कारखान्यातली, माझी सख्खी बहीण निघाली! तिच्या मालकाकडे जादा वाट्या होत्या. त्या आणल्या आणि अलगद फिरत बसल्या.

"च्यायला, मी नुसता बिल्लाच बघत राहिलो," काका डोकं खाजवत म्हणाले.

लेक पाना घेऊन पुढे आली. "आई, हा खोटा बिल्ला काढून टाकते. खऱ्या कारखान्याचा लावू."

"हात लावून बघ!" बाई कडाडल्या. "लग्नात माझंही नाव बदललं. म्हणून मी खोटी झाले का गं? तिचं माहेर सापडलं, आनंद आहे. पण ती माझ्या घरी याच नावाने आली."

मित्रांनो, त्या क्षणी मला रडता आलं असतं तर मी रडले असते.

तेव्हा जुनी वस्तू मोडीत काढण्याआधी तिची नीट चौकशी करा, तेलपाणी करा. आणि आता जरा बाजूला व्हा बरं, आमच्या नर्सबाईंना कामावर पोहोचायचंय.