ताट न पोचलेला बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. सध्या माझा मुक्काम एका बेकरीच्या दाराशी, भिंतीला लागून आहे. पण मला घडवले ते चर्चसाठी, आणि घडवतानाच माझ्यात एक खोड ठेवली गेली. खोड माझी नव्हे, करवून घेणाऱ्यांची. बाकीच्या बाकांना पाठ टेकायला फळी होती, मला नव्हती.

त्याचे कारण असे. त्या चर्चच्या मंडळीत एक रीत होती. कुणी भांडण केले, कुणी दारू पिऊन तमाशा केला, की पंच त्याला सगळ्यांच्या मागे, दाराजवळ बसवीत. माफी मागेपर्यंत त्याला प्रभुभोजन नाही, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळे मिळून खातात ती भाकर नाही. अशा माणसांनी आरामात बसावे हे पंचांना बरे वाटेना, म्हणून त्यांनी सुताराला बिनपाठीचा बाक करायला सांगितला. सुतार तेव्हा तरुण होता. त्याने लाकूड चांगले वापरले, रंधा मारून कडा गुळगुळीत केल्या, आणि सांगितल्याप्रमाणे फळी तेवढी लावली नाही. मंडळी माझ्याकडे पाठ करून देवाच्या कृपेची गाणी अगदी सुरात गात. लाकडाला मत नसते असे म्हणतात, ते आपले बरे आहे.

माझ्यावर पुष्कळ जण बसून गेले. बहुतेक थोड्याच दिवसांत माफी मागून पुढे सरकले. एक बाई मात्र राहिली. ती पाव भाजणारी. सगळे तिला मावशी म्हणत, आणि जरा जपूनच म्हणत, कारण तिची जीभ तिखट होती. आईच्या आजारपणात कुणी किती केले, यावरून तिचे आणि तिच्या थोरल्या बहिणीचे चर्चच्या आवारातच वाजले. पंचांनी दोघींना माझ्यावर बसवले. दोघी दोन टोकांना बसल्या, मधली जागा रिकामी. थोरलीने माफी मागितली आणि ती पुढे गेली. मावशी म्हणाली, "आधी तिने माझ्याशी बोलावं." थोरली बोलायला येणार होती म्हणतात. त्याआधीच ती झोपेत वारली.

त्यानंतर मावशीला ऊठ असे कुणी म्हटले नाही, आणि बस असेही नाही. ती आपणहून माझ्यावर येऊन बसू लागली. जुने पंच देवाघरी गेले, ती रीतही मोडीत निघाली. मी आणि मावशी तेवढे उरलो. त्यात गंमत म्हणजे प्रभुभोजनासाठी पाव तीच भाजत असे. भट्टीत त्याला पाव म्हणत, चर्चमध्ये भाकर. स्वच्छ कापडात गुंडाळून ती तो मेजावर नेऊन ठेवी आणि मागे येऊन बसे. सुतार आता स्वतःच पंच झाला होता. भाकरीचे ताट तो रांगेरांगेने फिरवी आणि शेवटच्या रांगेपाशी वळे. माझ्यापर्यंत ते कधी आले नाही. त्याच्या मनात काही वाईट नव्हते, पायांना तशी सवय लागली होती.

आता उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांविषयी. माणूस भला. ते या भांडणानंतर आले, त्यामुळे मावशी मागे का बसते हे त्यांना ठाऊक नव्हते. भट्टीकडे लवकर परतायचे असेल, असे ते धरून चालले होते. ताट फिरे तेव्हा ते डोळे मिटून प्रार्थनेत असत. त्यांचे उपदेश त्यांना तोंडपाठ होते, आणि ऐकून ऐकून मलाही. कृपा हा शब्द त्यांच्या तोंडून इतक्यांदा निघाला होता की तो कानांवर पडला तरी कुणाची मान वर होत नसे. त्यांच्या पत्नी पाळकबाई एकदा माझ्याजवळ, दाराशी, त्यांना म्हणाल्या, "तुम्ही हल्ली नुसतं बोलता. सांगत नाही काही." त्यांनी छत्री उघडली आणि ते चालू लागले.

मग त्यांचा घसा बसला. बोलायचे नाही, अशी डॉक्टरांनी तंबी दिली. त्या रविवारी शेजारच्या मंडळीचे पाळक उपासना घ्यायला आले. आमचे साहेब वाफ घेत बसल्याने उशिरा पोचले, पुढे जागा नव्हती, म्हणून मावशीशेजारी माझ्यावर बसले. पाठ टेकायला गेले आणि मागे पडता पडता सावरले. मावशी म्हणाली, "इथं टेकायचं नसतं, साहेब."

ताट निघाले. एकेक रांग करत मागे आले. शेवटच्या रांगेपाशी सुतार वळला आणि परत गेला. पाळकसाहेबांचा पुढे आलेला हात तसाच राहिला.

त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारले, "आपलं राहिलं का?"

"राहिलं नाही. ताट इथूनच वळतं."

"केव्हापासून?"

"बहीण होती तेव्हापासून."

मित्रांनो, माझ्यावरचा साहेबांचा भार एकदम हलका झाला. ते उठले, भर उपासनेत मधल्या वाटेने चालत गेले आणि मेजावरचे ताट त्यांनी उचलले. गाणे अर्ध्यावर थांबले. पाहुणे पाळक बघतच राहिले. साहेब ताट घेऊन मागे आले आणि मावशीसमोर उभे राहिले.

मावशीचे हात मांडीवरून हलले नाहीत. ती म्हणाली, "मी तिची माफी मागितली नव्हती. आता कुणाकडे मागू?"

साहेबांचा आवाज फुटत नव्हता, पण सगळे इतके गप्प होते की शब्द न् शब्द ऐकू आला. "देवाकडे मागा. उशीर झाला, असं तो म्हणत नाही. बाई, ही भाकर तुम्ही भाजलीत, पण तुम्ही ती कमावली नाहीत. मीही नाही. मी मात्र इतकी वर्षं हक्काची असल्यासारखी खात आलो. घ्या, आणि मलाही तुमच्याच हातानं द्या."

मावशीने तुकडा मोडला. अर्धा त्यांना दिला, अर्धा आपण खाल्ला. मग ती ताई, ताई म्हणत रडली. मला वाईट वाटले आणि बरेही वाटले.

घसा सुटला, तरी साहेबांचे जुने उपदेश परत आले नाहीत. ते आता अडखळत, थोडेच बोलत, पण मुलेसुद्धा चुळबूळ थांबवून ऐकत. मावशीने मला मागून घेतले आणि हातगाडीवर घालून इथे आणले. पाव निघेपर्यंत लोक माझ्यावर बसतात आणि मावशी त्यांना प्रभूविषयी सांगते. उपदेश करणे तिला जमत नाही. "मी उठून गेले नव्हते. तोच माझ्यापर्यंत आला," एवढेच पीठ चाळता चाळता सांगते. एक ट्रकवाला तिला रोज चिडवतो, "मावशी, आज पाव की गोष्ट?" ती म्हणते, "दोन्ही. गोष्टीचे पैसे नाहीत." हल्ली तो पाव घेतल्यावरही बसून राहतो.

सुतार मात्र दिसेनासा झाला होता. आपण काय करत आलो हे त्याला भरल्या मंडळीत कळले, आणि त्यानंतर तो चर्चला फिरकला नाही. बेकरी टाळून लांबच्या रस्त्याने जाई. मावशी पाहत असे. प्रभुभोजनाचा पाव भाजताना ती एक जास्तीचा भाजून त्याच्या घरी पाठवी. उलट निरोप कधी आला नाही.

एके सकाळी तोच आला. काखेत फळी, हातात हत्यारांची पिशवी. मावशीकडे न पाहता तो माझ्यामागे उकिडवा बसला आणि मापे घेऊ लागला.

"आधी वर बस," मावशी म्हणाली.

"काम करून जातो."

"फळी काही पळून जात नाही. बस."

तो बसला. ज्याने मला घडवले, तो माझ्यावर पहिल्यांदाच बसत होता. खाली मान घालून म्हणाला, "मला दिसतच नव्हतं गं." मावशीने गरम पाव मोडून अर्धा त्याच्या हातावर ठेवला आणि ती त्याच्याशेजारी बसली. मधे जागा सोडली नाही.

खाऊन झाल्यावर त्याने फळी बसवली. पुढच्या प्रभुभोजनाला ताट पुन्हा त्याच्याच हातात होते, आणि तो पार मागच्या भिंतीपर्यंत जाऊन मगच वळला म्हणे. मी तिथे नव्हतो, मावशीने सांगितले.

मित्रांनो, जुन्या बाकांना उन्हापावसात टाकून देऊ नका, खिळा वर आला तर ठोकून बसवा. हे मी माझ्यापुरते मागतो. पण तुमच्या हाती कधी ताट आले, तर वळण्याआधी एकदा मागे पाहा. शेवटच्या रांगेच्याही मागे कुणीतरी बसलेले असते.