एकात्मता सोहळ्याची शाल

औंढ्याजवळच्या त्या गुरुकुलात सकाळी मुलं प्रार्थनेला जमली, तेव्हा सभामंडपाच्या भिंतीवर काळ्या रंगात लिहिलेलं होतं, 'तांड्यावाल्यांनो, ढोरं वळा. देवाला बाटवू नका.' शेजारीच बंजाऱ्यांचे संत सेवालाल महाराज यांच्या तसबिरीला डांबर फासलेलं. सातवीतली पुजा तांड्यावरून शिकायला आलेली. तिनं ते मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि अर्ध्यातच थांबली.

गुरुकुलाचे प्रमुख देविदास महाराज धावत आले. पण धावले ते फाटकाकडे. फाटक लावून घेतलं आणि म्हणाले, "फोटो कुणी काढायचा नाही."

मराठी शिकवणाऱ्या मंजुषाबाईंनी तो आधीच काढला होता.

कुणी केलं ते दुपारच्या आत कळलं. गुरुकुलाच्या कॅमेऱ्यात संस्थेचे अध्यक्ष माणिकराव यांचा मुलगा स्वप्निल रंगाचा डबा घेऊन चाललेला स्पष्ट दिसत होता. त्यानं तोंडसुद्धा झाकलं नव्हतं. बापाच्या संस्थेत तोंड कशाला झाकायचं? मंजुषाबाईंनी ते चित्रणही मोबाइलमध्ये घेऊन ठेवलं.

"पोलिसांत कधी जायचं?" त्यांनी विचारलं.

महाराजांनी डोळे मिटले. अडचणीचं काही आलं की ते डोळे मिटत आणि लोक त्याला ध्यान समजत. "बाई, क्षमा हीच आपली साधना."

"क्षमा तांड्यानं करायची, महाराज. तुम्हाला कुणी काय म्हटलंय?"

"पोरगं हाय, डोकं गरम हाय," माणिकराव म्हणाले. "इषय वाढवू नका."

हे पोरगं दोन लेकरांचा बाप होतं.

मग गुरुकुलानं जे करायचं ते केलं. भिंतीला चुना मारला. काळं तरी खालून दिसतच राहिलं, म्हणून पुढं कुंड्या मांडल्या. एकात्मता सोहळा ठरला, पत्रकार बोलावले. बॅनरवर माणिकराव हात जोडून उभे, आणि संत मंडळी वरच्या कोपऱ्यात नखाएवढी. पुजाचे आजोबा थावरा यांचा सत्कार करायचा ठरलं. आणि शाल द्यायला कोण? स्वप्निल! महाराजांना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी ती दोनदा सांगितली.

थावरा व्यासपीठावर आले. स्वप्निलनं शाल उलगडली तसा त्यांनी हात आडवा केला.

"शाल काहून?"

"तुमचा सन्मान, बाबा," महाराज माइकवरून म्हणाले.

"सन्मान मागाया न्हाई आलो मी. माझी नात रोज इचारून राहिली, मी देवाला बाटवते का? तिला काय सांगू?"

महाराजांना लगेच शब्द सुचला. "बाबा भावुक झालेत. टाळ्या!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मंजुषाबाई पुढच्या रांगेतून उठल्या. "ज्यानं लिहिलं तोच शाल धरून उभा आहे. माझ्याकडे चित्रण आहे."

माइक बंद झाला. थावरांनी स्वप्निलकडं नीट पाहिलं.

"तू व्हय?"

स्वप्निल बापाकडं बघू लागला.

"बापाकडं काय पाहून राहिला? लिवताना इचारलं व्हतं का त्याला?"

त्यांनी पुजाचा हात धरला आणि ते उतरले. तांड्यावरची सगळी मुलं मागून निघाली. त्या दुपारीच मंजुषाबाई आणि थावरा पोलीस ठाण्यात गेले. गुरुकुलाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण तोवर 'तांत्रिक बिघाडानं' गेलं होतं, पण मोबाइलमधलं शाबूत होतं. स्वप्निलवर गुन्हा दाखल झाला. तो जामिनावर सुटला तेव्हा महाराज त्याला घ्यायला गेले. तांड्यावर मात्र ते एकदाही गेले नाहीत.

संस्थेची बदनामी केली म्हणून मंजुषाबाईंना काढून टाकलं. पुजा हिंगोलीच्या शाळेत जाऊ लागली. पहिले काही दिवस ती प्रार्थनेत ओठ मिटून उभी राहायची. मग हळूहळू म्हणू लागली.

उन्हाळ्यात हिंगोलीच्या बसस्थानकावर महाराज मंजुषाबाईंच्या समोर आले. हात जोडून म्हणाले, "राग नाही ना, बाई?"

"राग? तुमचा?" बाईंना खरंच हसू आलं. वसमतची गाडी लागली होती. त्या पिशवी उचलून गाडीत चढल्या.