चोपणातलं गवत

माती तपासण्यात सव्वीस वर्षं घालवल्यावर माणसाला मातीचं नवल उरत नाही, असं प्रयोगशाळेतले सगळे धरून चालले होते. तपासनीस बाईंच्या बाबतीत हा अंदाज साफ चुकला होता. नमुन्याची पिशवी उघडली की त्या आधी वास घ्यायच्या, मग चिमूटभर माती ओली करून बोटांत तिची वळी करायच्या, आणि मगच फॉर्मवर नंबर घालायच्या. शेजारच्या टेबलावरचे गालात हसायचे. बाईंना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

त्या वर्षी आटलेल्या तळ्यावरून नवा रस्ता न्यायचं ठरलं आणि तळाची माती तपासायचं काम बाईंकडे आलं. तळं आटून किती पिढ्या लोटल्या ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आता तिथे नजर जाईल तिथवर सपाट, करडी चिकण माती होती. तिच्यावर मिठाचा पांढरा पापुद्रा आणि पापुद्र्याला पडलेल्या भेगा. असल्या जमिनीला चोपण म्हणतात. कोरडी असली की दगड, भिजली की साबण. पाऊस वर्षातून पाच-सहा वेळा यायचा. आला की पाणी आठवडाभर वरच बसून राहायचं, खाली उतरायचं नाव घ्यायचं नाही. शेवटी ऊन ते पिऊन टाकायचं आणि मीठ तेवढं मागे राहायचं.

जीप चालवायला ऑफिसचा जुना ड्रायव्हर होता. गाडीतला रेडिओ बंद पडून वर्षं झाली होती, पण ड्रायव्हर बसला की त्याची उणीव भासत नसे. म्हणून सगळे त्यालाच रेडिओ म्हणत. तिसऱ्या दिवशी, रस्त्याच्या आखणीच्या सतराव्या खुंटीजवळ, तो बोलता बोलता एकदम गप्प झाला. बाईंनी दचकून वर पाहिलं.

"बाई, ते हिरवं काय आहे हो?"

दूर डावीकडे, पांढऱ्या सपाटीच्या मधोमध, हिरवा ठिपका दिसत होता. दोघं चालत गेले. ठिपका कसला, चांगला खोलीएवढा तुकडा होता. घोट्यापर्यंत गवत, मध्ये दोन झुडपं, आणि एका झुडपात कसल्याशा पाखराचं घरटं. कडेला मात्र सुरीने कापल्यासारखं सगळं संपत होतं. एक पाय गवतात, दुसरा मिठावर ठेवून बाई उभ्या राहिल्या.

"झरा असेल खाली," रेडिओ म्हणाला.

"झऱ्याचं पाणी वर आलं असतं तर मीठही आलं असतं. मग गवत कुठलं?"

"मग कुणीतरी चांगली माती आणून टाकली असेल."

बाईंनी खुरप्याने उकरलं. तीच करडी चिकण माती. फक्त हातात घेतल्यावर ती भुसभुशीत सुटली, आणि तिच्यात पांढरे खडे होते.

"बाई, रस्ता इथून जात नाही," रेडिओने आठवण करून दिली. "साहेब विचारतील, ही पिशवी कशाची म्हणून."

"विचारू देत. आधी मला तर कळू दे."

प्रयोगशाळेत त्यांनी दोन काचेच्या बरण्या घेतल्या. एकीत उघड्या चोपणाची माती, दुसरीत गवताखालची. दोन्हींत शुद्ध पाणी घालून हलवल्या आणि खिडकीत ठेवल्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत गवताखालची माती तळाला बसली होती, वर पाणी नितळ. पहिली बरणी दुसऱ्या दिवशीही गढूळच, तिसऱ्या दिवशीही. झाडूवाली येता-जाता विचारायची, "बाई, हा चहा कधी पिणार?"

पांढऱ्या खड्यांनी तर बाईंचा पिच्छाच पुरवला. मीठ म्हणावं तर पाण्यात पटकन विरघळत नव्हते. चुना म्हणावा तर आम्लाचा थेंब टाकल्यावर फसफसत नव्हते. पुढच्या परीक्षेत नळीतलं पाणी दुधासारखं झालं आणि उत्तर मिळालं: जिप्सम, म्हणजे ज्याचं प्लास्टर करतात तेच. पण आटलेल्या तळ्यात एका खोलीपुरतं जिप्सम आलं कुठून?

त्यातला सर्वांत मोठा, मुठीएवढा तुकडा त्या पर्समध्ये टाकून घरी घेऊन आल्या. सासरे जन्मभर शाळेत चित्रकला शिकवत होते. आता गुडघ्यांनी असहकार पुकारला होता, पण नजर शाबूत होती. त्यांनी तुकडा खिडकीशी नेऊन फिरवून पाहिला.

"सूनबाई, हा कान आहे."

"कसला कान, बाबा?"

"कपाचा. पण उलटा. कप जिथे उठून दिसतो, तिथे हा खोल आहे. हे बघ." त्यांनी कणकेचा गोळा मागून घेतला, खाचेत दाबला आणि हलकेच सोडवला. कणकेचा नाजूक, वळणदार कान बाहेर आला. "हा प्लास्टरचा फुटका साचा आहे. बघत काय बसलीस? कपबशीवाल्यांकडे जा."

गावात चिनी मातीच्या कपबश्यांचा एकच कारखाना होता. तिथल्या माणसाने तुकडा पाहून हात झटकले. "हा आमच्या वेळचा नाही. मावशींना विचारा. चाळीस वर्षं साचे त्यांनीच ओतलेत."

मावशी मागच्या गल्लीत, लेकीकडे राहत होत्या. वय सत्तरीच्या पुढे, बोटं जाड, नखांच्या कडा अजून पांढुरक्या. तुकडा हातात पडताच त्यांनी अंगठा खाचेतून फिरवला.

"हा तीन नंबरचा कान. सारखा मोडायचा मेला. तुम्हाला कुठे सापडला?"

"आटलेल्या तळ्यात."

"म्हणजे आमच्या शेडपाशी! कारखाना आधी तिथेच होता. पंचवीस वर्षं झाली हलवून. पत्रेसुद्धा नेले लोकांनी."

"साचे तिथे कोण टाकायचं?"

मावशी सावध झाल्या. "का? आता त्याची चौकशी निघाली का काय?"

"नाही हो मावशी. तिथे गवत उगवलंय."

मावशींनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. मग लेकीला हाक मारून म्हणाल्या, "अगं, खुर्ची दे यांना. बसा. नीट सांगा."

बाईंनी सगळं सांगितलं. मग मावशी बोलायला लागल्या त्या थांबेनात. शेडमध्ये गोड्या पाण्याची विहीर होती, पुढे ती बुजवली. रोज संध्याकाळी टेबलं, बादल्या, चाळण्या धुतल्या जायच्या आणि ते पाणी गटारातून बाहेर तळ्यात सोडलं जायचं. तिथे कायमचं डबकं. पाणी जिरतच नव्हतं. वास, चिलटं, आणि घरी जायची पायवाट नेमकी त्यातूनच.

"मग मी ठरवलं, फुटके साचे टाकून डबकं बुजवायचं. निदान पाय ठेवायला जागा. वर्षभर टाकत होते. आणि मग एक गंमत झाली. डबकं बुजायच्या आधीच आटायला लागलं. पाणी रोज तेवढंच सोडायचो, पण सकाळी बघावं तर गायब! उन्हाने म्हणावं तर रात्रीतून कसलं ऊन? मी मालकाला सांगितलं, साहेब, पाणी कुठेतरी जातंय. तो म्हणाला, जातंय ना? मग जाऊ दे!"

दोघी खळखळून हसल्या.

"पण माझ्या डोक्यातून ते गेलं नाही," मावशी म्हणाल्या. "कुणाला विचारणार? साचेवालीने साचे ओतावेत, प्रश्न विचारू नयेत. तुम्ही शिकलेल्या. सांगा ना, कुठे जायचं ते पाणी?"

बाईंना आयुष्यात अनेकांनी अनेक नमुने आणून दिले होते. त्यांना हवा असायचा सही-शिक्क्याचा कागद. उत्तर हवं असलेलं माणूस पहिल्यांदाच समोर बसलं होतं. त्या दुसऱ्या दिवशी दोन्ही बरण्या पिशवीत घालून परत आल्या.

"खालीच जायचं," त्या म्हणाल्या. "चोपणात सोडियम फार. त्याच्यामुळे मातीचे कण एकमेकांजवळ येत नाहीत. ही बरणी बघा, सुटे सुटे तरंगतायत. जमिनीत हेच कण पाण्याच्या बारीक वाटा बुजवून टाकतात. तुमच्या साच्यातलं कॅल्शियम सोडियमला उठवतं आणि त्याच्या जागी स्वतः बसतं. मग कण गोळा होतात, मध्ये फटी राहतात, पाणी खाली उतरतं आणि जाताना मीठ घेऊन जातं. नुसते साचे टाकले असते तर फारसं झालं नसतं, नुसतं पाणी सोडलं असतं तरी नाही. तुम्ही दोन्ही केलंत."

मावशींनी दोन्ही बरण्या उचलून उजेडात धरल्या. मग हळूच म्हणाल्या, "मला तिथे घेऊन चला."

रेडिओने मावशींना पुढच्या सीटवर बसवलं आणि वाटभर त्याला बोलायला संधीच मिळाली नाही. गवतापाशी उतरल्यावर मावशींनी चपला काढल्या, सावकाश आत गेल्या, आणि झुडपाला हात न लावता घरट्यात डोकावल्या. तीन अंडी होती. परत येताना डोळे पदराने पुसले आणि लगेच विचारलं, "दुसरीकडे टाकले तर?"

बाईंच्याही मनात तेच होतं. साहेबांनी नाक मुरडलं, पण रस्त्याच्या माती-तपासणीचं काम वेळेत संपलं होतं, तेव्हा परवानगी दिली. कारखाना फुटके साचे ट्रकने फेकत होताच. त्यांनी खुशाल न्या म्हटलं. तळ्याच्या काठाला, मावशींच्या घरापासून चालत जाता येईल अशा जागी, बाईंनी चार चौकोन आखले. एक तसाच ठेवला, एकात नुसतं पाणी, एकात नुसता साच्यांचा चुरा, एकात दोन्ही. पाणी घालायची जबाबदारी मावशींनी मागून घेतली. कारखान्याकडून नळी ओढून आणली आणि गल्लीतल्या पोरांना चौकोनात पाय ठेवायची बंदी घातली.

पहिले चार महिने काहीच झालं नाही. पाण्याच्या दोन्ही चौकोनांत डबकं. रेडिओ म्हणाला, "बाई, ती जुनी जागाच वेगळी असणार." बाईंनाही शंका आली. चुरा जाड राहिला का? त्यांनी मावशींच्या मदतीने तो आणखी कुटला आणि वीतभर खोल मातीत मिसळला.

सातव्या महिन्यात एका सकाळी प्रयोगशाळेतला फोन वाजला.

"गेलं!" मावशी ओरडत होत्या. "काल संध्याकाळी सोडलेलं पाणी गेलं! शेजारच्या चौकोनात तसंच आहे, आणि इथलं गेलं!"

बाई हातातली नळी तशीच ठेवून निघाल्या. पोचल्या तेव्हा मावशी चौथ्या चौकोनाच्या काठावर उकिडव्या बसल्या होत्या. वरची माती ओलसर आणि मऊ होती. गवताचा अजून पत्ता नव्हता, पण मावशींना त्याची घाई नव्हती.

"खाली म्हणजे नेमकं किती खाली गेलं असेल?" त्यांनी विचारलं.

"बघायचं?"

"मग काय तर!"

बाईंनी जीपमधून फावडं आणलं, पदर खोचला आणि कोपऱ्यातून खणायला सुरुवात केली. वीतभर खाली ओल होती. दोन विती खाली ओल होती. मावशी खड्ड्याच्या कडेला पालथ्या झाल्या, हात कोपरापर्यंत आत घातला आणि म्हणाल्या, "अजून खण, पोरी. अजून ओलंच लागतंय."