शिट्टीचं कुत्रं

दगडखाणीवर विजेचा भोंगा बसवला त्या दिवशी सुरुंगवाल्याची शिट्टी बेकार झाली. पितळेची जाडजूड शिट्टी होती. ती वाजली की माणसं हातातली घमेली टाकून आडोशाला जायची. इतकी वर्षं तिच्या भरवशावर त्याने डोंगर फोडला आणि कोणाच्या केसालाही धक्का लागू दिला नाही. आता ऑफिसात बसलेल्या कोणीही बटण दाबलं की काम भागत होतं. माणसाला असल्या गोष्टी फार लागतात, आणि हा तर मुळातच मानी. शिट्टी घरी आणून त्याने खुंटीला अडकवली. ती तिथेच काळी पडली असती तर बरं झालं असतं.

पण घरात पाहुणा आला.

पाहुणा म्हणजे कुत्रा. एका सकाळी दारात येऊन बसला. "पाहुणा आहे, जाईल संध्याकाळपर्यंत," असं सुरुंगवाला म्हणाला आणि तेच नाव पडलं. संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या ओट्याखाली पाय पसरून झोपला होता. बायकोने त्याला ठेवून घेतलं त्यालाही कारण होतं. आदल्या वर्षीच्या तापाने तिचे दोन्ही कान नेले होते. दार वाजलेलं तिला कळायचं नाही, दूध उतू गेलेलं वासावरून कळायचं. पाहुणा आधी दाराकडे बघायचा, मग तिच्याकडे बघायचा, आणि ती उठून दार उघडायची.

कान गेल्यापासून तिचा आवाज चढला होता. स्वतःचं बोलणं स्वतःलाच ऐकू येत नसेल तर माणूस ओरडूनच बोलणार, त्यात तिचा काय दोष? पण चार लोकांत नवरा तळहात खाली दाबून खूण करायचा, हळू. ती ओशाळायची. पुढे पुढे तिने लोकांत बोलणंच सोडलं. बोलायची ती फक्त पाहुण्याशी.

कुत्रा गुणी होता, पण फिरायला नेलं की असा ओढायचा की हात खांद्यातून निखळेल. म्हणून मेहुणीला बोलावलं. ही बायकोची धाकटी बहीण. कुत्र्यांना वळण लावणं हाच तिचा धंदा. पहिल्या दिवशी तिने पट्ट्याला हातसुद्धा लावला नाही. ताईला अंगणात उभं केलं, तिच्या खिशात उकडलेल्या कलेजीचे तुकडे भरले आणि ओठ वाचता येतील असं सावकाश सांगितलं.

"हाक मारू नकोस, ओढू नकोस. तो आपणहून तुझ्या तोंडाकडे बघेल, तेव्हा तुकडा द्यायचा. तुझ्याकडे बघण्यात त्याला गोडी वाटली पाहिजे. बाकीचं सगळं त्यानंतर."

पाहुण्याने आधी खिशाकडे बघितलं, मग झाडाकडे, मग उगाच एका मुंगीकडे. शेवटी कंटाळून त्याने मान वर केली. "शहाणा गं माझा!" असं बायको एवढ्या मोठ्यांदा ओरडली की शेजारच्या छपरावरची कबुतरं उडाली. मेहुणी हसली, पण तिने हळू अशी खूण केली नाही.

मग पट्टा आला. पट्टा ताणला गेला की ताईने जागच्या जागी थांबायचं. रागवायचं नाही, हिसका द्यायचा नाही. तो वळून बघेपर्यंत वाट बघायची. त्याने बघितलं की शाबासकी, तुकडा, आणि पुढे चालायचं. "आणि तूही त्याच्याकडेच बघ," मेहुणी म्हणाली. "तुझं लक्ष उडालं की त्याचंही उडणार. पट्टा कमरेला बांध, म्हणजे हात मोकळे राहतील. आणि चपला घालून जाऊ नकोस, खडीवर घसरशील. हे माझे जुने बूट ठेव."

सुरुंगवाला पायरीवर बसून हा सोहळा बघत होता. एका प्राण्याने तोंडाकडे बघावं म्हणून दोन बायका अख्खी सकाळ घालवतात, हे काही त्याच्या पचनी पडेना. त्याने खुंटीवरची शिट्टी काढली, जोरात फुंकली आणि कुत्रा दचकून वळला तसा मांसाचा मोठा तुकडा फेकला. आणखी दोनचारदा केलं. आठवडा संपायच्या आत पाहुणा शिट्टी ऐकली की कुठूनही सुसाट यायचा, मधे कुंपण असो की खड्डा.

"बघितलंस? ह्याला म्हणतात शिकवणं!" तो मेहुणीला म्हणाला.

"भाऊजी, शिट्टी काही वाईट नाही," मेहुणी म्हणाली. "पण ती वाजली की तो ताईला विसरतो. हे कुत्रं आता शिट्टीचं झालंय."

"येतोय ना? मग झालं तर."

"येतोय. पण मधे काय आहे ते बघत नाही." ती बॅग भरत होती. हातातला टॉवेल तसाच धरून ती थांबली. "निदान ताई बरोबर असताना तरी वाजवू नका. एवढं माझं ऐका."

"बरं बाईसाहेब," तो म्हणाला आणि हात जोडले. थट्टेत जोडलेल्या हातांचं वचन किती टिकणार?

मेहुणी गेल्यानंतरची गोष्ट. कामावरची माणसं संध्याकाळी चौकात उभी होती. लांब पायवाटेवर बायको आणि पाहुणा दिसत होते, पट्टा सैल, दोघं आपल्या नादात. सुरुंगवाल्याला राहवलं नाही. "गंमत बघा," असं मुकादमाला म्हणून त्याने शिट्टी फुंकली. पाहुणा सुटला. पट्टा तिच्या कमरेला होता. ती चार पावलं फरफटत आली आणि तोंडावर पडली. कोपराची सालटी निघाली. लोकांनी आधी टाळ्या वाजवल्या आणि मग त्यांना ती पडलेली दिसली.

त्याने धावत जाऊन तिला उठवलं. पण उठवता उठवता हसला आणि म्हणाला, "काय गं, उडतच आलीस की!" ती त्याच्या ओठांकडे बघत होती. तेवढं वाक्य तिने वाचलं आणि त्यानंतर बघणं बंद केलं.

तिचा अबोला असाच होता. ती बघायचीच नाही. बघितलं नाही की त्याचे ओठ काय म्हणतात ते तिला कळायचं नाही, आणि त्याचं बोलणं भिंतीला सांगितल्यासारखं व्हायचं. 'चुकलं' एवढाच शब्द त्याला म्हणायचा होता. त्यासाठी तिची मान वर होईपर्यंत समोर उभं राहायला हवं होतं. पण थांबणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तो ताट सरकवून कामावर निघून जायचा. शिट्टी मात्र खिशातच असायची.

खाणीत सुरुंगाचा बार दुपारीच उडायचा. बायकोला भोंगा ऐकू येत नसे, पण बार उडाला की घराची फरशी हादरायची आणि ते तिच्या पायांना कळायचं. हादरा बसून गेला की धोका संपला. मग ऊन उतरलं की ती पाहुण्याला घेऊन खाणीच्या पलीकडच्या पायवाटेने फिरायला जायची. इतके दिवस यात कधी चूक झाली नव्हती.

त्या दिवशी सकाळीच वीज गेली. दगडाला भोकं पाडायचं यंत्र बंद पडलं आणि बार लांबला. भर दुपारी, माणसं जेवायला बसलेली असताना, क्रेनच्या साखळीतून एक भलामोठा धोंडा सुटला आणि धाडकन खाली आला. ऑफिसच्या काचा थरथरल्या. कोणाच्या तरी डब्याचं झाकण उडून पडलं.

"घ्या, हाच आजचा बार समजा!" मुकादम म्हणाला. सगळे हसले. सुरुंगवालाही हसला.

उन्हं कलायला लागली तेव्हा वीज आली, भोकं पुरी झाली, दारू ठासली गेली आणि वीज पुन्हा गेली. आता भोंगा मुका. ठासलेला सुरुंग रात्रभर ठेवायचा नाही, हे तर सगळ्यांना ठाऊक.

"मिस्त्री, तुमची जुनी शिट्टी आहे ना खिशात?" मुकादमाने विचारलं.

सुरुंगवाल्याची छाती फुगली. शेवटी शिट्टीच कामाला आली. पण आधी घरी निरोप द्यायला हवा होता. हे स्वतः जाऊन करायचं काम होतं. तिच्यासमोर उभं राहायचं, तिने बघेपर्यंत थांबायचं आणि हाताने सांगायचं, आज बार आत्ता आहे, बाहेर पडू नकोस. त्याने एका कामगाराला पाठवलं. तो लगेच परत आला.

"दार ओढलेलं आहे. वहिनींच्या चपला दारातच आहेत. आतच असतील."

"मग ठीक आहे," सुरुंगवाला म्हणाला.

रस्त्याच्या दोन्ही तोंडांना लाल झेंडे लागले. पायवाटेवर कोणी उभं नव्हतं. तिकडून येतंच कोण? त्याने शिट्टी गळ्यात अडकवली, ओठांना लावली आणि तीन वेळा लांबलचक वाजवली. आवाज खाणीच्या भिंतींवर आपटून फिरला. माणसं आडोशाला गेली. त्याने खाली उतरून वात पेटवली, ती नीट धरल्याची खात्री केली आणि आडोशाकडे चालू लागला. पळायचं नाही, हा त्याचा नियम. खाणीत पळणारा माणूस पडतो. उभ्या आयुष्यात तो कधी पळाला नव्हता.

अर्ध्या वाटेवर त्याच्या मनात सहजच चपला आल्या. निळ्या पट्ट्याच्या, दारात जोडीने ठेवलेल्या. आणि मग त्याला आठवलं. कुत्र्याला घेऊन जाताना ती चपला घालतच नाही. बहिणीचे बूट घालते.

तो आडोशाच्या काँक्रीटच्या खोलीत शिरला आणि फटीला डोळा लावला. समोरच्या कडेवर, पायवाट जिथे खाणीला खेटून जाते तिथे, पाहुण्याचं डोकं वर आलं.

शिट्टी ऐकून तो निघाला होता. सरळ येत होता, जसा त्याला शिकवला होता तसा, आणि सरळ रेषेच्या मधोमध सुरुंग होता. त्याच्यामागे ताणलेला पट्टा आला, आणि पट्ट्यामागे ती. खडीवरून तिचे पाय घसरत होते.

"थांब! पाहुण्या, थांब!" सुरुंगवाला ओरडला. कुत्र्याने कान टवकारले आणि आणखी जोर लावला. थांब म्हणजे काय हे त्याला कोणी शिकवलं होतं? शिट्टी वाजवणाऱ्याकडे धावायचं एवढंच त्याला ठाऊक होतं. बायकोला तर काहीच ऐकू येत नव्हतं. सुरुंगवाल्याने फटीतून हात बाहेर काढून हलवला. तिने बघितलं नाही. ती कुत्र्याकडेच बघत होती, बहिणीने सांगितलं होतं तशी.

तो दाराकडे वळला. मुकादमाने त्याला मागून कवेत धरलं. "मिस्त्री, वात संपत आली! कुठे जाताय?"

"सोड! सोड मला!"

झटापटीत फटीतून त्याला शेवटचं एवढंच दिसलं. ती खडीत खाली बसली होती, टाचा रुतवून. तिने पट्टा ओढला नव्हता, ती नुसती बसली होती. पाहुणा पुढच्या पायांवर ओणवा झाला होता आणि पट्टा तारेसारखा ताठ होता. मग मुकादमाने त्याला फटीपासून मागे ओढलं, आणि काही क्षणांनी जमीन उचलली गेली.

छतावर कितीतरी वेळ दगड पडत राहिले. मोठे थांबले, मग बारीक पडले, मग नुसती वाळू सांडल्याचा आवाज आला. बाहेर पांढऱ्या धुळीपलीकडे काही दिसत नव्हतं. मुकादमाचे हात सैल झाले होते आणि तो खाली बघत होता.

"वाजवा," मुकादम हळूच म्हणाला. "धोका टळल्याची वाजवा. कुत्रा असेल तर येईल."

सुरुंगवाल्याने शिट्टी ओठांना लावली आणि फुंकता फुंकता थांबला. कुत्रा येईल आणि त्याच्यामागे तुटका पट्टा लोंबत असेल. किंवा येणारच नाही. यातलं काय मागायचं ते त्याला सुचेना. त्याने शिट्टी वाजवली. धूळ जागची हलली नाही. पुन्हा वाजवली. एकाही हाकेला न चुकलेला कुत्रा आला नाही. तो दाराच्या चौकटीला टेकला.

तेव्हा धुळीतून आवाज आला. कर्कश, चढलेला, लाज वाटावी इतका मोठा आवाज.

"माझ्याकडे बघ! तिकडे नाही, माझ्याकडे! शहाणा गं माझा!"

सुरुंगवाला पळाला. नियम बियम कुठल्या कुठे गेले. तो धोंड्यांवरून ठेचकाळत, दोनदा पडत, हाताला लागेल ते धरत पलीकडची चढण चढला.

पायवाटेच्या वरच्या अंगाला एका मोठ्या दगडाआड दोघं बसली होती. डोक्यापासून पायांपर्यंत पांढरी. तिच्या कपाळातून रक्ताची एक रेघ उतरली होती. पट्टा सैल पडला होता; ती बसून राहिली तसा तो शेवटी वळला असणार, आणि बार उडायच्या आत ती त्याला घेऊन इथे सरकली असणार. पाहुणा थरथर कापत होता. प्रत्येक शिट्टीला त्याचं अंग खाणीकडे ओढ घेत असणार, पण डोळे तिच्या तोंडावर होते. ती खिशातून तुकडे काढून त्याला भरवत होती.

"हादरा मघाशीच बसला होता," ती ओरडून म्हणाली. कोणाला म्हणाली ते कळलं नाही, कारण ती कुत्र्याकडेच बघत होती. "दुपारी हादरा बसला होता. माझ्या पायांना कळला होता. मग हे काय होतं?"

त्याला तो धोंडा आठवला. डब्याचं उडालेलं झाकण आणि सगळ्यांचं हसू आठवलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

तिने मान वर केली नाही. तो पुन्हा म्हणाला. ती तुकडा चिमटीत धरून पाहुण्याची नजर सांभाळत होती. त्याने तिच्या खांद्याला हात लावायला पुढे केला आणि मागे घेतला. गळ्यातली शिट्टी काढून त्याने खाणीत टाकली नाही, खिशातही घातली नाही. मुठीत दाबून धरली, म्हणजे कुत्र्याला ती दिसायला नको.

खालून माणसांच्या हाका येत होत्या. तिने वर बघेपर्यंत तो तिथेच उभा राहिला.