बारशाचं मटण आणि धाऊचा पंप

मरद एकदा कोयता घेऊन घराबाहेर पडला की मागे वळत नाही. धाऊ दोनदा वळला. एकदा चपला घालायला, एकदा पंप घ्यायला.

पंप दोन होते. विडीने खरवडलेल्या छातीसाठी शहापूरच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेले. एक रोज सकाळ-संध्याकाळ ओढायचा, दुसरा दम लागला तरच. धाऊने दुसरा खिशात टाकला. आज दम लागणार होता. आज तो चुलतभाऊ भगीरथाला मारणार होता.

भगीरथाच्या नातवाच्या बारशाला धाऊ मटण जेवला आणि आठवड्यात त्याच्या जिभेवर पांढरे चट्टे उठले. मिरची सोडा, नुसती पेज तोंडात निखाऱ्यासारखी लागे. बांधाचं भांडण जुनं. म्हणजे भगीरथाने काहीतरी खायला घातलं, हे उघडच होतं. आपण मरायच्या आत त्याला मारणं भाग होतं.

भगीरथ खळ्यावर भात झोडत होता.

"काय घातलास रे मटनात?"

"मीठ. कमी पडला काय?"

कोयता भगीरथाच्या खांद्यात बसला. हाडाला लागला तेव्हा ओलं लाकूड तोडल्यासारखा आवाज झाला. भगीरथ गुडघ्यावर आला, हातातली पेंढी लाल झाली. उठला तो धाऊच्या नाकावर डोकं हाणतच. नाक मोडलं. मग दोघे भातात लोळले. कान, बोट, जे दाताला लागेल ते चावत. कोयता कुठेतरी उडाला. धाऊने भगीरथाचं डोकं फोडायला दगड उचलला आणि भाताची धूळ छातीत गेली. श्वास अडकला.

"थांब," त्याने हात वर केला.

भगीरथ थांबला. शेवटी भाऊबंद.

धाऊने पंप हलवला, श्वास पुरता सोडला, दाबून सावकाश ओढला आणि तोंड मिटून मनात दहा आकडे मोजू लागला. अगदी शिकवल्याप्रमाणे. भगीरथाने तेवढ्यात आपल्या खांद्याकडे पाहिलं, बाजूचा बांबू घेतला आणि धाऊच्या मनगटावर घातला. हाड कडकन वाजलं. धाऊ ओरडला नाही. ओरडला असता तर औषध वाया गेलं असतं. दहा झाल्यावर ओरडला.

दोघांना एकाच जीपने शहापूरला नेलं. मध्ये धाऊची बायको रंभा बसली, कपाळावर हात मारत. "मेल्यांनो, आता दोगांचा भात कोन झोडील गो बाय?"

डॉक्टरीणबाई मनगट धरू लागल्या, तर धाऊने आ वासला. "आदी हे बघा. विष घातलाय मला."

बाईंनी बॅटरी मारली. "रोजचा पंप ओढल्यावर चूळ भरून थुंकता ना, दादा? सांगितलं होतं."

"मंग औषध धुवून नाय जायाचा?"

"ते छातीत गेलेलं असतं. तोंडात उरतं त्यानं ही बुरशी धरते."

पलीकडच्या खाटेवर भगीरथाच्या खांद्यात सुई शिरत होती.

चूळ भरायला अर्धा पेला पाणी लागतं.