आजच्या दिवस

मी एक ओढणी बोलतेय. निळी, सुती, शाळेच्या गणवेशाची. घडी घालून दोन्ही खांद्यांवर पिनांनी टाचतात ना, ती. माझ्या बोलण्यात फार काही अर्थ असेल याची मलाच खात्री नाही. पण अंगावर गाठीचा वळ आहे, तोवर सांगून टाकते.

जन्म माझा कापसाचा. त्यामुळे कापसाविषयी वाईट बोलायचं म्हणजे माहेरची उणीदुणी काढल्यासारखं होतं. दिग्रसच्या बाजारातून रंजितानं मला आणलं, तिच्या नणंदेसाठी, जमनीसाठी. जमनी नुकतीच नववीत गेली होती. तांड्यावरच्या पोरींत इथवर पोचलेली ती एकटीच. रंजिता स्वतः बारावी शिकून या घरात आलेली. तिनं मला दुकानात ताणून पाहिलं, उजेडात धरलं, "रंग तर नाही ना जाणार?" असं पुन्हा पुन्हा विचारलं, आणि घरी पोचेपर्यंत आपण चुकीचीच घेतली असं तिला वाटत राहिलं. स्वभावच तसा.

दिवाळीपर्यंत मी रोज शाळेत गेले. जमनीला बीजगणित आवडायचं. उत्तर बरोबर आलं की ती माझं टोक दातात धरायची. माझं ते टोक कायम ओलं असे.

मग कापूस वेचणीला आला. त्या वर्षी अळीनं निम्मी बोंडं पोखरली होती, भाव बसला होता, बाहेरच्या बाया लावणं परवडत नव्हतं. रंजिताचा नवरा राजकुमार जिनिंगच्या कारखान्यात कामाला. म्हणून वावरात दोघीच, सासू सुखीबाई आणि रंजिता. आणि रंजिताच्या कडेवर तान्हा रूपसिंग.

शिकलेल्या बाईला काळजी करायलाही जास्त शब्द येतात. मुंग्या, विंचू, ऊन, फवारणीचा वास. बाळ झोपलं तरी रंजिता त्याच्या नाकापुढं बोट धरून श्वास बघायची. त्यानंच ते उठायचं.

वावराच्या कडेला, धुऱ्यावरच्या निंबाला जुन्या लुगड्याची झोळी होती. एका सकाळी ती फाटली. जमनी त्याच वाटेनं शाळेत निघाली होती. रंजितानं तिच्या खांद्याकडं पाहिलं.

"जमनी, आजच्या दिवस तुही ओढणी दे ना वं. अन् आजच्या दिवस याच्यापाशी बस."

"अन् शाळा?"

"शाळा काय पळून चालली?" सुखीबाई ओळीतून ओरडली. "एका दिवसानं काय होते!"

पिना निघाल्या. मी झोळी झाले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. शाळेतही पोरी झोपायच्या, पण इतकं निर्धास्त कोणी माझ्यात झोपलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रंजिता म्हणाली, "आज संध्याकाळी नवी झोळी शिवतोच मी. आजच्या दिवस बस." पुढं नवी झोळी शिवलीही गेली नाही आणि कोणी काही म्हणेनासंही झालं. आजच्या दिवसाला लागून आजचाच दिवस येत राहिला.

थंडी पडली तेव्हा वर्गशिक्षिका प्रभावती मॅडम धुऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या.

"जमनीनं शाळा सोडली का?"

"नाही नाही, मॅडम!" रंजिता घाईनं म्हणाली. "सोडली नाही. फक्त आजच्या दिवस..."

"रंजिता, इतकी वर्षं झाली मला या शाळेत. सोडली म्हणून एकाही पोरीनं सांगितलं नाही. नुसत्या येत नाहीत."

मॅडम गेल्या. त्या दिवशी रंजिताच्या ओटीत कापसापेक्षा पाचोळा जास्त आला. सुखीबाई म्हणाली, "डोये घरी ठेवून आली का?"

दुसऱ्या सकाळी मला फांदीला बांधता बांधता रंजिता म्हणाली, "जमनी, आज शाळेत जाय."

जमनीनं बाळाला छातीशी धरलं. "आजच्या दिवस राहू दे ना, भाभी."

रंजिताचे हात थांबले. गाठ अर्धीच बसली होती.

"काहून वं?"

"बीजगणित कुठच्या कुठं गेलं असंन. मले काहीच समजणार नाही. पोरी हासतीन." मग ती बाळाकडं बघत म्हणाली, "जाईन ना मी. पण आजच्या दिवस राहू दे."

तोवर हे शब्द घरातल्या मोठ्यांचे होते. आता ते जमनीच्या तोंडात जाऊन बसले होते.

रंजितानं गाठ सोडली. फांदीवरची दुसरी गाठ इतके दिवस कोणी सोडलीच नव्हती, ती करकचली होती. तिला दात लावावे लागले.

"अन् पोट्ट्याले काय पराटीच्या झाडाले टांगशीन?" सुखीबाईनं विचारलं.

"बसंतीबाई हाये ना."

बसंतीबाई तांड्यावरची शेजारीण. गुडघे गेलेले, कानानं ठार बहिरी. "दे इकडं पोट्टं" असं ती मागेच म्हणाली होती, आणि रंजितानं हसून विषय बदलला होता. रडणारं मूल, आणि बहिरी बाई!

"तिले ऐकू येते का?"

"नाही येत." रंजितानं मला झटकलं, स्वतःच्या बांगडीतल्या पिना काढून जमनीच्या खांद्यावर टाचलं. "आजच्या दिवस जाय. हासल्या तं हासू दे आजच्या दिवस. उद्याचं उद्या पाहू."

पोरी हसल्याच. मी चुरगळलेली, दुधाचा आंबूस वास मारत होते. "जमने, लेकरू कुठं ठेवलं वं?" जमनीनं माझं टोक दातात धरलं, पण उत्तर आलं म्हणून नाही. तरी शाळा सुटेपर्यंत ती बसून राहिली.

रविवारी जमनीच्या अंगावर मी वावरात गेले, तेव्हा बसंतीबाईला पाहिलं. निंबाखाली पाय पसरून बसलेली, रंजितानं अखेर शिवलेल्या नव्या झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली. बाळ हललं की अंगठा ओढला जाई. रंजिता तरीही ओळ संपली की धावत यायचीच. "तू आली का उठते पोट्टं!" बसंतीबाई खेकसायची. "जाय तिकडं!"

संध्याकाळी चुलीपाशी नणंद-भावजय बीजगणित घेऊन बसत. रंजिता त्यातलं निम्मं विसरली होती. दोघी मिळून चुकत, आणि सकाळी जमनी ती चूक मॅडमकडून सुधारून आणत असे.

जमनी नववी काठावर पास झाली. आता दहावीत आहे. माझा रंग गेलाय. रंजिताची शंका खरी निघाली. गाठीचा वळ निखाऱ्याच्या इस्त्रीनंही जात नाही. वेचणी पुन्हा लागली आहे.

तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी असेल तर एवढंच मागणं आहे. अडीनडीला मला झोळी करा, गाळणं करा, डोक्याला बांधा, माझी ना नाही. गाठ मात्र संध्याकाळी आठवणीनं सोडा.

आज सकाळीही सुखीबाईनं दारातून हाक मारली, "आजच्या दिवस ठेव ना तिले!" जमनी क्षणभर थांबली. पिन रंजिताच्या ओठांत होती. ती तिनं काढली आणि माझ्यात खोचली.

"आजच्या दिवस जाय," ती जमनीला म्हणाली.

आम्ही निघालो.