त्रेचाळीस कार्डांचे कोपरे

मयताचं कार्ड आलं की त्याचा एक कोपरा फाडलेला असायचा. पाठवणाराच तो फाडून पाठवायचा, म्हणजे पोस्टमनच्या हातातच कळायचं की हे कार्ड घरात न्यायचं नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचायचं, फाडून टाकायचं, हात धुवायचे आणि मग रडायचं. आता मरणाची बातमी मोबाइलवर गुड मॉर्निंगच्या फुलांखाली येते आणि तिच्याखाली कुणीतरी चुकून अंगठा दाखवतं. पण हिंगोलीतल्या एका संशोधन मंडळाच्या कपाटात अशी कोपरा गेलेली त्रेचाळीस कार्डं अजून होती, आणि त्या त्रेचाळीस कार्डांवर शीतलच्या पीएचडीचा चौथा अध्याय उभा होता.

मंडळ म्हणजे दोन खोल्या, सहा कपाटं, एक पंखा आणि अमृतराव. अमृतराव कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झाले आणि इतिहासाला मात्र निवृत्त होऊ देईनात. गेल्या वर्षी डोंगरकड्याच्या भीमराजनं घरकुल बांधताना आजीचा पत्र्याचा डबा आणून दिला. डब्यात ही कार्डं. पोस्टाचे शिक्के छप्पन-सत्तावन्न सालचे, मजकूर उर्दूत. अमृतरावांना उर्दू येत नव्हती, पण कोपरे मोजता येत होते. एका गावात दोन वर्षांत त्रेचाळीस मयतं म्हणजे साथच असणार. कार्डं गावात आली होती की गावातून गेली होती, या तपशिलात ते शिरले नाहीत. त्यांनी ‘डोंगरकड्याची विस्मृत महामारी’ असा निबंध लिहिला, औरंगाबादच्या परिषदेत वाचला, शाल घेतली आणि आता साथीत गेलेल्यांच्या स्मृतिस्तंभासाठी जागा बघून राहिले होते. भीमराजला त्यांनी काही विचारलं नाही. तो ‘आजीचा डबा’ म्हणाला तेव्हाच त्यांनी आजीला मनातल्या मनात कैलासवासी करून टाकलं होतं.

शीतलचा विषय होता खेड्यापाड्यांतली खाजगी पत्रं. महामारीचा अध्याय तिला अमृतरावांनीच सुचवला होता. सुचवला म्हणजे दिला. नोंदणीची मुदत तीस नोव्हेंबरला संपत होती. दोनदा वाढवून झाली होती, त्यातली एकदा बाळंतपणासाठी. तिसरी वाढ विद्यापीठ कुणालाच देत नव्हतं. प्रबंधासोबत मंडळाचं प्रमाणपत्र लागणार होतं, की मूळ साधनं उमेदवारानं तपासली आहेत, आणि प्रमाणपत्रावर सही अमृतरावांची. आणि आज अठरा तारीख होती. अध्याय लिहून तयार होता. खरं सांगायचं तर मूळ साधनं तिनं तपासली नव्हती. कपाटात बघितली होती, मोबाइलवर फोटो काढले होते, एवढंच. पलीकडच्या गल्लीतल्या निवृत्त उर्दू शिक्षिकेकडे वर्षभर ती अलिफ-बे गिरवत होती. छापील उर्दू आता बऱ्यापैकी वाचता यायची. पण कार्डांवरचा धावता हात बघितला की अक्षरं चिमण्यांसारखी उडून जायची. शिवाय मयताच्या कार्डात वाचायचं काय, असं अमृतरावही म्हणाले होते. अमुक वारला, कळावे. आणि शिवाय, हे ती कुणाला सांगणार नव्हती, मांडीवर अकरा महिन्यांची मित्रा असताना मयताच्या कार्डाला हात लावायला तिची बोटं आखडायची. संशोधन आपल्या जागी. लेकरू आपल्या जागी.

त्या दिवशी दुपारी सासूबाई भिशीला गेल्या होत्या. मित्रा झोपली असं समजून शीतल लॅपटॉप उघडून बसली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, आणि एवढी शांतता बरी नव्हे हे कुठल्याही आईला कळतं तसं तिलाही कळलं. वळून बघते तर मित्रा टीपॉयला धरून उभी आणि तोंडात कुणाच्या तरी लग्नाची जाडजूड पत्रिका. नुकतेच आलेले चार दात ती आल्यागेल्यावर परजून बघायची. शीतलनं बोट घालून तोंडातला लगदा काढला, गालाचा एक पापा घेतला, आणि पत्रिका फेकता फेकता थांबली.

पत्रिकेचा कोपरा गेला होता. आणि तो सरळ रेषेत गेला नव्हता. बोटांनी फाडलं की कागद सरळ जातो, फार तर वाकडा. इथे चंद्रकोर पडली होती, कडेला बारीक दातऱ्या.

तिनं मोबाइल काढला. पहिलं कार्ड: चंद्रकोर. दुसरं, तिसरं, सातवं, एकोणिसावं. कोर मित्राच्या कोरेपेक्षा मोठी, पण कोरच. आणि ती थेट मजकुरातून गेलेली. पाठवणारा स्वतःच फाडणार असेल, तर आपली लिहिलेली अक्षरं कशाला खाईल?

मग तिला दुसरी गोष्ट आठवली, आणि स्वतःच्या टाळक्यात मारून घ्यावंसं वाटलं. तिच्या माहेरी असं कार्ड आलं की दारातच फाडलं जायचं. मयताची कार्डं कुणी जपून ठेवत नाही. त्रेचाळीस तर सोडाच, एकसुद्धा नाही. हे तिला ठाऊक होतं, अमृतरावांना ठाऊक होतं, परिषदेत शाल घालणाऱ्यांना ठाऊक होतं. घरात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट निबंधात शिरताना चपलांसारखी दाराबाहेर काढून ठेवली होती.

तिनं पहिला फोटो मोठा केला आणि मित्राला कडेवर घेऊन, एकेक अक्षर ओठांनी जुळवत, पाऊण तासात दीड ओळ वाचली. पत्ता होता सोजराबाईचा, जळबाची बायको, मुक्काम डोंगरकडा. आणि मजकुराची सुरुवात होती: सिकंदराबादेत खैरियत आहे.

मेलेल्या माणसाची खैरियत कोण कळवतं?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती निघाली. सासूबाईंना सांगितलं, ग्रंथालयात जाते. मित्राला सोबत नेली म्हटल्यावर त्यांनी ओळखलं, पण डब्यात दोन दशम्या जास्त घातल्या. वारंगा फाट्यापर्यंत मित्रानं अख्ख्या गाडीच्या मांडीवर फिरून घेतलं. डोंगरकड्याला उतरून भीमराजचं घरकुल विचारलं, तर नव्या कोऱ्या पायरीवर एक म्हातारी लसूण सोलत बसलेली. शीतलनं विचारलं, सोजराबाईंचे कुणी नातेवाईक भेटतील का.

“मीच हाय की,” म्हातारी म्हणाली. “जरा मोठ्यानं बोल माय, कान गेलेत.”

चौथा अध्याय तिथेच, त्या पायरीवर, वारला.

पंच्याऐंशी वर्षांच्या सोजराबाईला कार्डं चांगली आठवत होती. आठवत नव्हतं एवढंच, की भीमराजनं डबा कुणाला दिला. तिला तो नव्या घरात माळ्यावर असेल असं वाटत होतं. मंडळात आहे, लोक त्यावर लिहून राहिलेत, असं शीतलनं ओरडून सांगितलं तशी तिच्या हातातली लसणाची पाकळी थांबली.

“वाचली व्हय समद्यांनी?” तिनं विचारलं.

कुणीच वाचली नाहीत, हे शीतलला आयुष्यात पहिल्यांदाच अभिमानानं सांगता आलं. मग म्हातारीनं हळूहळू सांगितलं. जळबा निजामाच्या शाळेत उर्दू शिकलेला. लग्नाला वर्ष व्हायच्या आत रेल्वेच्या कामावर सिकंदराबादला गेला आणि तिथून कार्ड धाडलं. तिला अक्षर येत नव्हतं. मग चावडीवरच्या मुन्शीनं वाचलं. तो वर बसलेला, ही खाली उभी, आणि भोवती निम्मं गाव. जळबानं लिहिलं होतं, तुझ्या घोरण्याबिगर मला झोप लागेना. मुन्शीनं ते दोनदा वाचलं. एकदा वाचायचं म्हणून आणि एकदा चवीनं, आणि कार्ड स्वतःकडेच ठेवून घेतलं. पुढे वर्षभर ती पाण्याला गेली तरी कुणी ना कुणी मागून घोरायचं. पाटलाचं पोरगं तर तिला बघितलं की डोळे मिटूनच चालायचं, शेवटी नाल्यात पडलं.

दुसरं कार्ड आलं तेव्हा ती शेण थापत होती. हात भरलेले, पोस्टमन कार्ड समोर धरून उभा, आणि मुन्शी चावडीवरून हाका मारून राहिलेला, आण म्हणून. तिनं मान पुढे केली आणि दातांनी कोपरा तोडून थुंकला. कोपरा गेला की कार्ड मयताचं. मयताच्या कार्डाला मुन्शी हात लावत नाही, बाया विचारत नाहीत, पोरं पळून जातात. कार्डाला कुलूप लागलं. त्यानंतर आलेलं प्रत्येक कार्ड तिनं असंच चावलं आणि डब्यात टाकलं. चावताना बघणारा पोस्टमन बिचारा, पोरीला वेड लागलं समजून, काही दिवस तिच्याकडे फार हळहळून बघायचा.

“मग फाडून काहून नाही टाकली, आजी?” शीतलनं विचारलं.

“मयताचं कार्ड फाडत्यात,” सोजराबाई म्हणाली. “माझा मानूस मेला होता व्हय?”

अठ्ठावन्न साली जळबा परत आला. चार लेकरं झाली, नातवंडं झाली, पंधरा वर्षांमागे तो गेला. तो होता तेव्हा वाचून का घेतली नाहीत, यावर म्हातारी म्हणाली, की एकदा डबा पुढ्यात ठेवला होता. तर तो लाजला आणि म्हणाला, डोळे अधू झालेत, दिसत नाही. दुसऱ्या मिनिटाला तांदळातले खडे निवडत बसला. मग तिनंही परत विचारलं नाही. पण आता ही पोरगी उर्दू वाचून राहिली म्हटल्यावर तिनं लसणाचं सूप बाजूला सारलं आणि पदरानं हात पुसले.

शीतलनं पहिला फोटो उघडला, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि हळूच वाचलं. सोजराबाई म्हणाली, काय? शीतलनं आवाज चढवला. काय? आणखी चढवला. समोरच्या घराची खिडकी उघडली. पापड वाळत घालणारी बाई वाळत घालायची थांबली. दोन पोरी सायकल लोळवून उभ्या राहिल्या. सत्तर वर्षांनी चावडी पुन्हा भरून राहिली होती आणि मुन्शीच्या जागी या खेपेला शीतल होती.

तिनं मोबाइल बंद केला. मित्राला एका कडेवर घेतलं, म्हातारीला दुसऱ्या हाताला, आणि तिघी गावाबाहेर भीमराजच्या केळीच्या बागेत गेल्या. पार मधोमध, जिथून बांध दिसत नाही आणि बांधावरून माणूस दिसत नाही. तिथे शीतल घसा फोडून वाचायला लागली. अडखळायची, तेव्हा सोजराबाईच पुढचा शब्द सांगायची. लिपी उर्दू असली तरी बोलणं जळबाचं, घरचंच होतं, आणि ते तिला ठाऊक होतं. कोपऱ्यासोबत गेलेले शब्दही तिनं बरेचसे भरून काढले. काही कार्डांना ती हसली, एकाला तिनं नवऱ्याला शिवी घातली, एकाला पदर तोंडावर घेतला. मित्रा केळीच्या वाळल्या पानाला चार दातांनी चावत बसली होती. जळबाचं अक्षर हळूहळू ओळखीचं होत गेलं, तरी चार दिवस लागले. रोज सकाळची गाडी, रोज दोन दशम्या जास्त. घसा असा बसला की घरी सासूबाईंनी हळदीचं दूध दिलं आणि ग्रंथालयात एवढं बोलावं लागतं का, एवढंच विचारलं.

त्रेचाळिसावं संपलं तेव्हा सोजराबाईनं पदर झटकला.

“एवढंच व्हय,” मग म्हणाली. “ह्ये तर तो रोजच बोलायचा.”

आणि उठताना शीतलच्या खांद्यावर भार टाकून म्हणाली, की पुस्तकात लिही, कार्डं आली, चावली, म्हातारपणी वाचली. आत काय होतं ते लिहू नको. शीतलनं शब्द दिला. शब्द देताना तिला तीस तारीख आठवत होती, आणि अमृतरावांची सहीसुद्धा.

सव्वीसला ती नवा अध्याय आणि कडेवर मित्रा घेऊन मंडळात गेली. जुना चाळीस पानांचा होता, नवा नऊ. अमृतरावांनी उभ्या उभ्याच वाचला आणि चष्मा काढला. म्हणाले, मौखिक माहितीला पुरावा म्हणत नाहीत. म्हणाले, स्तंभाची जागा जवळपास ठरली आहे. म्हणाले, सही होणार नाही. शीतलनं दाराकडे बघितलं. दारातून भीमराजच्या आधारानं सोजराबाई आत आली, कुणी न सांगता खुर्चीत बसली आणि मित्राला मांडीवर घेतलं.

“साथीत कोन कोन मेलं, तेवढी नावं सांगा,” ती अमृतरावांना म्हणाली. “मी त्या गावात हाय. सुतकबी धरलं न्हाई मी. पाप नको लागाया.”

अमृतरावांनी आपला निबंध चाळला. नाव एकही नव्हतं. मग म्हातारी पुढे सांगून मोकळी झाली. डबा तिला परत नको होता, घरकुलात जागाच कुठे होती. राहू दे इथंच, फक्त वर लिहा, मालकिणीला विचारल्याबिगर उघडायचा नाही. आणि मालकीण जिती आहे हेही लिहा.

अमृतरावांनी कपाटातून डबा काढून टेबलावर ठेवला. माणूस गर्विष्ठ होता, पण खोटा नव्हता. इतकी वर्षं मेलेल्यांशीच बोलायची सवय, त्यातलं एक समोर येऊन बसेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी डब्यावरची ‘महामारीची पत्रे’ ही चिठ्ठी नखानं खरवडून काढली. निम्मी निघाली, निम्मी चिकटून राहिली. मग प्रमाणपत्र पुढे ओढलं. ‘मूळ साधने तपासली’ या ओळीपाशी त्यांचं पेन अडलं. त्यांनी एकदा भीमराजकडे बघितलं, एकदा म्हातारीकडे. तिला ऐकू येत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. ते शीतलकडे वाकले आणि अगदी हळू आवाजात, मुन्शीनं विचारलं असतं तसं, विचारलं:

“पण शीतल, त्यात होतं तरी काय?”

शीतलनं मित्राच्या तोंडातून मंडळाच्या अहवालाचा कोपरा सोडवला.

“सर,” ती म्हणाली, “मयताची कार्डं आहेत. कोपरे बघा ना.”

अमृतरावांनी डबा न उघडता बाजूला सारला. मग त्यांनी सही केली.